अक्षता टाकणारा हात : लग्नाच्या पाहुण्याचा इतिहास

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करणाऱ्यांसाठी. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. कपाटावर पत्रिकांची चळत वाढायला लागते आणि घराघरांत तेच ते प्रश्न निघतात. पाकिटात किती घालायचे? मुहूर्ताला जायचं की थेट जेवायला? एकट्यानं जाऊन आलं तर चालेल का? पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असं छापलंय, तर खरंच हात हलवत जायचं का?

या प्रश्नांना आपण ‘रीतभात’ म्हणतो आणि घरातल्या मोठ्या माणसांकडे सोपवून मोकळे होतो. आज मला या रीतभातीच्या मागे जायचंय. कारण पाहुण्यानं कसं वागावं याचे आपले नियम नुसते सभ्यपणाचे नव्हते. लग्नाला जाणं हे आपल्या समाजात एक विधान होतं. तुम्ही मांडवात उभे राहिलात म्हणजे ‘हे लग्न मला मान्य आहे’ असं तुम्ही गावासमोर सांगितलंत. आणि या एका कृतीपायी महाराष्ट्रातली नामांकित माणसं वाळीत पडलेली आहेत.

तर सुरुवात आमंत्रणापासून करूया.

आवतण

छापील पत्रिका ही तशी अलीकडची गोष्ट. त्याआधी आमंत्रण म्हणजे अक्षत. कुंकू लावलेले तांदूळ घेऊन घरचं माणूस दारोदार जायचं आणि ‘अक्षत द्यायला आलोय’ म्हणायचं. पहिली अक्षत देवाला, मग माणसांना. पुण्यात आजही अनेक घरांतून पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवतात. गावोगावी तो मान ग्रामदैवताचा. देवालाच पहिलं बोलावलंय म्हटल्यावर माझं नाव मागे का राहिलं, असं कुणी म्हणायला नको, हाही त्यातला एक व्यवहारी फायदा.

आमंत्रणाचेसुद्धा प्रकार होते. ग्रामीण भागात अजून ‘चूलबंद आवतण’ हा शब्द ऐकू येतो. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटता कामा नये, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. याउलट काही ठिकाणी घरटी एक माणूस एवढंच बोलावणं असायचं. दोन्ही ऐकणाऱ्याला नेमकं कळायचं. चूलबंद आवतण असताना घरातून एकटाच माणूस गेला तर तो अपमान, आणि घरटी एक असताना पाचजण गेले तर तो हावरेपणा. ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे शब्द आज आपण प्रत्येक पत्रिकेवर सवयीनं छापतो, पण कधीकाळी त्या शब्दांवर स्वयंपाकाचा अंदाज ठरत होता. आज व्हॉट्सॲपवर पत्रिका येते, खाली ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ असतं, आणि किती जणांनी यायचं ते पाहुण्यानं ओळखायचं असतं. गोंधळ होतो तो इथं. जुनी माणसं काटेकोर होती ती उगाच नव्हे.

अक्षता

आता मुहूर्त. लग्नघटिका मोजायला पूर्वी घटिकापात्र असायचं. पाण्यानं भरलेल्या भांड्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. दिवसरात्र मिळून साठ घटिका. ज्याच्या हातात मनगटी घड्याळ नाही अशा माणसांनी त्या वाटीकडे बघत मुहूर्त साधायचा. म्हणून ‘मुहूर्त गाठणे’ हा आपल्याकडे पाहुण्याचा पहिला धर्म मानला गेला. जेवायला उशीर झाला तर दुसऱ्या पंगतीला बसता येतं. अक्षतांची दुसरी पंगत नसते.

अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टकं सुरू होतात, प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ येतं. हाच शब्द ऐकून बारा वर्षांचा नारायण मांडवातून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, ही आख्यायिका आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण त्या ‘सावधान’च्या क्षणी मांडवातला प्रत्येक माणूस काय करत असतो, ते बघा. त्याच्या मुठीत अक्षता असतात. अक्षत म्हणजे न मोडलेला, अखंड तांदूळ. भटजी मंत्र म्हणतात, मामा मागे उभा असतो, पण अक्षता टाकण्याचं काम सगळ्यांचं. लग्नातला हा एकच विधी असा, की तो पाहुण्यांशिवाय होतच नाही.

हे असं का असेल? मला वाटतं, त्याचं उत्तर सरळ आहे. ज्या काळी लग्नाची कुठल्या कचेरीत नोंद नव्हती, त्या काळी गावाची आठवण हेच रजिस्टर होतं. मांडवाला भिंती नसत, वाजंत्री सगळ्या गल्लीला ऐकू जाई. उद्या कुणी विचारलं, ‘हिचं लग्न झालंय का? कुणाशी? केव्हा?’ तर सांगायला माणसं हवीत. अक्षता टाकलेला प्रत्येक हात म्हणजे एक सही.

गंमत म्हणजे कायद्यालाही या सहीची गरज पडते. १८७२ साली इंग्रज सरकारनं नोंदणी विवाहाचा कायदा केला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५४ साली आपला विशेष विवाह कायदा आला. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे : तीन साक्षीदार. बँड नको, पंगत नको, हॉल नको, पण तीन माणसं मात्र हवीत. घरच्यांच्या विरोधात लग्न करणाऱ्या कितीतरी जोडप्यांना नोंदणी कार्यालयात जाताना सगळ्यात मोठी अडचण हीच येते. तीनशे लोकांच्या मांडवातल्या पाहुण्याला वाटतं, आपण नाही गेलो तर काय फरक पडतो? त्या तिघांना असं म्हणायची सोय नसते.

जाणं हाच गुन्हा

आता या गोष्टीची दुसरी बाजू. हजर राहणं म्हणजे मान्यता असेल, तर हजर राहणाऱ्याला शिक्षाही करता येते. आणि ती केली गेली.

१८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. कायदा झाला, तरी लग्नं होईनात. कारण कायद्यानं नवरानवरी मिळतात, पाहुणे मिळत नाहीत. मुंबईत विष्णुशास्त्री पंडित यांनी या कामाला वाहून घेतलं. ईश्वरचंद्र विद्यासागरांचं विधवाविवाहावरचं पुस्तक त्यांनी मराठीत आणलं, मंडळ उभं केलं, आणि १५ जून १८६९ रोजी मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचं लग्न लागलं. वेणूबाई बालविधवा होत्या.

या लग्नात काय अडलं असेल असं तुम्हाला वाटतं? पैसा नव्हे. अडली ती पत्रिका. निमंत्रक म्हणून नावं कुणाची घालायची? ज्यांनी नावं दिली त्यांत महादेव गोविंद रानडे होते. तेव्हा ते न्यायमूर्ती झालेले नव्हते, तिशीही ओलांडलेली नव्हती. पुढच्या वर्षी, १८७० साली, पुण्यात शंकराचार्यांसमोर पुनर्विवाह शास्त्राला धरून आहे की नाही यावर मोठा वाद झाला. निर्णय सुधारकांच्या विरोधात गेला आणि या लग्नात पुढाकार घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला.

बहिष्कार म्हणजे काय, हे आज नीट समजून घ्यावं लागतं. आपल्या भाषेत त्याला एक नेमका शब्द आहे : रोटीबेटी व्यवहार बंद. तुमच्या पंगतीला कुणी बसणार नाही, तुम्हाला कुणी पंगतीला बोलावणार नाही. श्राद्धाला भटजी मिळणार नाही. तुमच्या मुलींना स्थळं येणार नाहीत. म्हणजे लग्नाला गेलात त्याची शिक्षा काय, तर यापुढे तुमच्या घरच्या लग्नाला कुणी येणार नाही. ज्याचा गुन्हा त्याचीच शिक्षा!

चोवीस वर्षांनी हेच पुन्हा घडलं. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई म्हणजे त्यांच्या एका मित्राची विधवा बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली. हे लग्न पुण्यात झालं, पण फटका बसला कोकणात. कर्व्यांचं गाव मुरूड. तिथल्या लोकांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. लग्न ज्यानं केलं तो पुण्यात, आणि वाळीत पडले ते गावाकडचे आईभाऊ. पुढे महर्षी म्हणून भारतरत्न मिळालेल्या माणसाच्या घरावर आलेली ही वेळ आहे.

आणि हे फक्त लग्नापुरतं नव्हतं. १८९० साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. रानडे आणि टिळक दोघंही त्या मंडळींत होते. नंतर हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून आली आणि केवढं मोठं ग्रामण्य उभं राहिलं! कुणाच्या घरी कोण काय प्यालं, याची यादी छापणारा समाज होता तो. लग्नाच्या पाहुण्याकडे किती जणांचं लक्ष असेल, याची यावरून कल्पना येईल.

कळेल अशा भाषेत साक्ष

याच काळात पुण्यात आणखी एक गोष्ट घडत होती. सप्टेंबर १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला समाजाच्या पद्धतीनं पहिलं लग्न लागलं. पुरोहित नाही, हुंडा नाही, खर्च नावापुरता. या लग्नाच्या उभारणीत सावित्रीबाईंचा मोठा वाटा होता.

सत्यशोधक लग्न म्हटलं की आपण ‘भटजीशिवाय’ एवढंच लक्षात ठेवतो. पण पाहुण्याच्या जागेवरून बघितलं तर आणखी एक मोठा बदल दिसतो. जोतीरावांनी मंगलाष्टकं मराठीत लिहिली, आणि ती वधूवरांनी एकमेकांना द्यायच्या वचनांची लिहिली. स्त्रियांना मानानं, बरोबरीनं वागवण्याची गोष्ट त्यात नवरी सगळ्यांसमोर काढते आणि नवरा तिला उत्तर देतो. १८८७ साली हा सगळा पूजाविधी पुस्तकरूपानं छापूनही आला.

विचार करा. त्याआधी मांडवातला बहुसंख्य माणूस ज्या भाषेतल्या वचनांना साक्ष होता, ती भाषा त्याला येत नव्हती. आता वचन त्याच्या कानावर त्याच्याच बोलीत पडू लागलं. म्हणजे उद्या नवऱ्यानं वचन मोडलं तर मांडवातला कुणीही म्हणू शकतो, ‘अरे, तू आमच्यासमोर हे म्हणाला होतास.’ साक्षीदार खऱ्या अर्थानं साक्षीदार झाला.

१९५६ नंतर बौद्ध पद्धतीच्या लग्नांतही ही सुटसुटीत वाट पुढे चालू राहिली. पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, आणि अनेक ठिकाणी अक्षतांच्या जागी फुलांच्या पाकळ्या. तांदूळ गेले, पण सगळ्यांच्या हातांनी मान्यता देणं गेलं नाही.

पंगत

आता जेवणाकडे वळूया, कारण पाहुण्याच्या रीतभातीतले सगळ्यात जास्त नियम इथंच आहेत.

पंगतीत पान मांडायचं ते ठरलेल्या पद्धतीनं. वर मधोमध मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबिरी, उजवीकडे भाज्या. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणाला की सुरुवात. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही, मग तुमचं पोट भरून अर्धा तास झालेला असो. मसालेभात, मठ्ठा, जिलबी, आणि जिलबीचा आग्रह. आग्रह करणं हे यजमानाचं काम आणि एकदोनदा ‘नको नको’ म्हणणं हे पाहुण्याचं. पण पानात टाकायचं नाही. विहिणीची पंगत तर सगळ्यात अवघड. तिथं एखाद्या वाटीत तूप कमी पडलं तर त्याची आठवण पुढची वीस वर्षं निघायची.

मराठीत एक फार सुंदर शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं. एकाला जिलबीच्या चार कढ्या आणि दुसऱ्याला एक. हा यजमानाचा मोठा दोष मानला जाई. एकदा पानावर बसलात की श्रीमंत-गरीब सगळे सारखे, ही पंगतीची शिकवण.

पण मंडळी, इथंच थांबलो तर आपण अर्धंच सांगितलं असं होईल. पंगतीत भेद नसावा हे खरं. पण पंगतीत बसू कुणाला द्यायचं? तिथं सगळा भेद होता. जातीप्रमाणे पंगती वेगळ्या, जागा वेगळ्या, वेळा वेगळ्या. आणि ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं ती माणसं त्याच लग्नात गावकीची सगळी कामं करून मांडवाबाहेर उभी असायची, पंगत उठल्यावर उरलंसुरलं मिळेल म्हणून. पंक्तिप्रपंच हा दोष मानणाऱ्या समाजाला हा प्रपंच दिसत नव्हता. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं की हे शिळंपाकं, उष्टं घेणं सोडून द्या. इतिहासाच्या पुस्तकात महाड म्हणजे चवदार तळं. पण उष्टं नाकारणं हाही त्याच लढ्याचा भाग होता. मांडवाबाहेरच्या माणसानं ‘मी या लग्नाचा असा पाहुणा होणार नाही’ असं सांगणं होतं ते.

पुढे १९३६ साली बाबासाहेबांनी आणखी पुढचं सांगितलं. नुसती सहभोजनं करून जात जाणार नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. रोटी आणि बेटी या दोन शब्दांतला फरक त्यांना पक्का माहीत होता. माणूस दुसऱ्या जातीच्या लग्नात जाऊन आनंदानं जेवून येईल. आपल्याच घरच्या आंतरजातीय लग्नात मात्र तो आजारी पडेल.

पंगत मोडली ती हळूहळू. शहरं वाढली, वाढायला भाऊबंद मिळेनात, मग आचारी आणि केटरर आले, टेबलखुर्ची आली, नंतर बुफे. मधल्या काळात टंचाई होतीच. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि धान्य मोजून मिळू लागलं. स्वातंत्र्यानंतरही धान्य वाचवायला काही राज्यांनी पाहुण्यांच्या संख्येवरच बंधन घातलं. राजस्थानचा असा आदेश १९७२ चा आहे. आपल्या पिढीला हे सगळं गोष्टीसारखं वाटायचं. मग एप्रिल २०२१ उजाडला आणि महाराष्ट्र सरकारनं हुकूम काढला : लग्नाला पंचवीस माणसं, कार्यक्रम दोन तासांत संपवायचा, नियम मोडला तर पन्नास हजार रुपये दंड. त्या वेळी घराघरांत बसून पंचवीस नावं काढावी लागली. खरी साक्ष कुणाची हवी, हा प्रश्न कित्येक वर्षांत प्रथमच इतक्या स्पष्टपणे समोर आला.

आहेर

पाकिटाचा प्रश्न राहिलाच.

आहेर म्हणजे भेट, असं आपण समजतो. पण ज्या घरात आहेराची वही जपून ठेवलेली असते, त्यांना विचारा. कुणी किती दिले ते तिथं लिहिलेलं असतं, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की ती वही उघडली जाते. म्हणजे आहेर ही एका अर्थानं गावाची भिशी होती. एका घरावर लग्नाचा डोंगर कोसळला की सगळ्यांनी थोडंथोडं उचलायचं, आणि पुढे आपल्या वेळेला ते परत मिळायचं. कापड, भांडी, धान्य, रोख, ज्याला जे जमेल ते. स्टीलच्या भांड्यांवर नाव आणि तारीख कोरून द्यायची पद्धत यातलीच. अनेक घरांत अजून असा एखादा डबा सापडतो, ज्याच्यावर देणाऱ्याचं नाव आहे आणि माणूस जाऊन जमाना झालाय.

शंभराच्या नोटेवर एक रुपयाचं नाणं का? शून्यावर व्यवहार संपतो, वरचा रुपया तो पुढे चालू ठेवतो, असं सांगतात. मला ते पटतं. आहेराचा जीव रकमेत नसून या चालू राहण्यात आहे.

बिघडलं कुठं? जिथं लाउडस्पीकरवरून ‘अमक्यांकडून इतके’ असा पुकारा सुरू झाला तिथं. हळूहळू ही मदत म्हणजे इज्जतीचा लिलाव झाला, आणि वरपक्षाच्या मानपानाच्या नावाखाली हुंडाही आहेराच्या कापडात गुंडाळून येऊ लागला. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. पण खुशीनं दिलेल्या भेटींना कायद्यानं वाट ठेवली होती आणि हुंडा त्याच वाटेनं निसटायचा. म्हणून १९८५ साली नियम आले : लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी करायची, प्रत्येक वस्तूची अंदाजे किंमत लिहायची, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं. बघा, सरकारनं शेवटी आपली जुनी आहेराची वहीच मागितली! ही यादी किती घरांत होते, ते तुम्ही तुमच्या नातेवाइकांत विचारून बघा.

तेव्हा ‘पाकिटात किती?’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं : जे तुम्हाला देताना जड जाणार नाही आणि त्यांना परत करताना जड जाणार नाही. आणि पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ लिहिलं असेल तर खरोखर नेऊ नका. त्यांनी वही बंद करायचं ठरवलंय. त्यांच्या हातात पाकीट कोंबणं म्हणजे ती जबरदस्तीनं उघडणं.

आज पाहुण्यानं काय करावं

आज आपल्याला कुणी वाळीत टाकत नाही असं आपण म्हणतो. पण २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतींनी वाळीत टाकलेली कुटुंबं पुढे आली म्हणून हा कायदा झाला. म्हणजे १८६९ ची गोष्ट पूर्णपणे इतिहासजमा झालेली नाही.

आणि एक कायदा असा आहे जो खास पाहुण्यासाठी माहीत असायला हवा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात बालविवाह लावणारा आणि ठरवणारा तर गुन्हेगार आहेच, पण अशा लग्नाला हजर राहणं, त्यात भाग घेणं यालाही शिक्षा सांगितली आहे. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘आम्ही फक्त जेवायला गेलो होतो’ हे उत्तर तिथं चालेलच असं नाही. मुलगी अठराची नाही हे माहीत असताना तुमच्या मुठीतल्या अक्षता म्हणजे तुमची संमती, असं कायदाही म्हणतो. आपल्या आजीपणजीला जे रीतीतून ठाऊक होतं, तेच कायद्यानं लिहून ठेवलंय.

म्हणून पाहुण्याची रीतभात माझ्या लेखी दोन प्रश्नांत बसते. पहिला : मी कुठं गेलो? आणि दुसरा : मी कुठं गेलो नाही?

पहिल्याचे नियम सोपे आहेत. मुहूर्ताला पोचा, रिसेप्शनच्या रांगेत फोटो काढून जेवायला पळू नका. अक्षता लांबून फोटोग्राफरच्या पाठीवर फेकू नका, पुढे होऊन अलगद टाका. मंगलाष्टकं चालू असताना फोन खिशात असू द्या, तुम्ही साक्षीला आलाय. जेवढे बोलावलेत तेवढेच जा. पानात टाकू नका. आणि वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसांनी जेवून घेतलं का, हे एकदा विचारा. मांडवाबाहेरचा इतिहास आपल्याला माहीत आहे म्हणून.

दुसरा प्रश्न अवघड आहे. तुमच्या नात्यातल्या एखाद्या मुलीनं दुसऱ्या जातीत, दुसऱ्या धर्मात लग्न ठरवलं असेल. घरात धुसफूस चालू असेल. सगळेजण म्हणत असतील, ‘आमचा आशीर्वाद आहे हो, पण त्या दिवशी नेमकं जमणार नाही.’ असं ‘न जमणं’ फार जुनं आहे. करमरकर आणि वेणूबाईंच्या लग्नाच्या दिवशीही मुंबईतल्या बऱ्याच सुशिक्षित मंडळींना जमलं नसणार. ज्यांना जमलं त्यांनी पुढे काय भोगलं ते आपण आत्ता पाहिलं, आणि आज आपण नावं त्यांचीच घेतोय.

अशा लग्नात तुमची एक खुर्ची भरलेली असणं हा त्या जोडप्याला मिळणारा सगळ्यात मोठा आहेर असतो. तो कुठल्या वहीत लिहिला जात नाही आणि परतही करावा लागत नाही.

या लग्नसराईत तुमच्याकडे अशी एखादी पत्रिका आली असेल, तर मुहूर्त नीट वाचून ठेवा आणि वेळेवर पोचा.

पुढच्या भागात भेटूच. तोवर तुमच्या घरात जुनी आहेराची वही असेल तर ती शोधून काढा आणि त्यात काय काय नोंदी आहेत ते आम्हाला नक्की कळवा.

नमस्कार.